विश्लेषण : राजा दाखवा म्हणत आला, राज्य घेऊन बसला... निजामशाहीत जमालखानाचा उदय कसा झाला?

अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला म्हटला की दोन नावे लगेच आठवतात. मोगलांशी झुंजलेली चांदबिबी आणि १९४२ ते १९४५ या काळात इथे कैदेत असलेले पंडित नेहरू. याच किल्ल्याच्या दारात १५८९ मध्ये जे घडले त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. जमालखान या दख्खनी सरदाराने बाजारातली गर्दी हाताशी धरून किल्ल्याचे दार जाळले, राज्याची सूत्रे ताब्यात घेतली आणि पुढची दोन वर्षे एका बारा वर्षांच्या राजाच्या नावाने कारभार केला. पहिल्या सात दिवसांत जवळजवळ एक हजार माणसे मारली गेली. त्यांचा गुन्हा एवढाच की ती परमुलखातून आलेली होती. लोकांच्या मनातली जुनी सल हेरून तिच्यावर सत्ता उभारणारा नेता कसा पुढे येतो, याचे या जिल्ह्याच्या इतिहासातले हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

दख्खनी विरुद्ध परदेशी : हा वाद आला कुठून?

जमालखान पुढे येण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून हा वाद धुमसत होता. बहमनी राज्यात सरदारांचे दोन तट पडले होते. एका बाजूला दख्खनी, म्हणजे पिढ्यानपिढ्या इथे रुजलेले आणि इथलेच धर्मांतरित मुसलमान. हबशी सरदार बहुधा त्यांच्या बाजूने उभे राहत. दुसऱ्या बाजूला पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून आत आलेले इराणी, अरब आणि तुर्क. त्यांना आफाकी म्हणत, तसेच ‘गरीब’ही म्हणत. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. मराठीत हा शब्द आला तेव्हा त्याला पैशाची चणचण चिकटली. बहमनी दरबारातल्या या ‘गरिबां’कडे मात्र जहागिरी, घोडे आणि मोठी पदे होती.

सुलतानांना ही माणसे हवी असत. फारसी पत्रव्यवहार, हिशेब, घोड्यावरून तिरंदाजी या कामांत ती तरबेज होती. आणखी एक कारण होते. त्यांचे इथे भाऊबंद नव्हते, गावगाड्यात मुळे नव्हती. सगळी भिस्त सुलतानाच्या मर्जीवर असल्याने ती उलटणार नाहीत, असे गादीवर बसलेल्याला वाटे. दख्खनी सरदारांना मात्र आपण लढायचे आणि मानमरातब काल जहाजातून उतरलेल्याने न्यायचा, हे सलत होते. ही तक्रार खोटी नव्हती. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर आधी हे मान्य करावे लागते.

या रागातून रक्त सांडण्याची पहिली मोठी वेळ १४४७ च्या सुमारास चाकणला आली. कोकणच्या स्वारीत पराभूत होऊन परतलेल्या परदेशी सैनिकांनी चाकणच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. दख्खनी सरदारांनी ते फितूर झाल्याच्या बातम्या सुलतानाला कळवल्या, शिक्षेचा हुकूम मिळवला, अभय देऊन त्यांना बाहेर काढले आणि कापून काढले. पुढे १४८१ मध्ये महमूद गवान या कर्तबगार इराणी वजिराला बनावट पत्राच्या आधारे मारण्यात आले. कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का मिळवून त्यावर देशद्रोहाचा मजकूर लिहिला गेला होता. त्या कटात पुढाकार घेणाऱ्या दख्खनी गटाचा म्होरक्या होता मलिक हसन निजामुल्मुल्क. मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. त्याचाच मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाही स्थापली आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी अहमदनगर वसवायला घेतले.

म्हणजे हे राज्यच दख्खनी गटाच्या घरात जन्मले. पण मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने १५३७-३८ च्या सुमारास शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला आणि इराणहून येणाऱ्यांसाठी दरबाराची दारे पुन्हा उघडली. दख्खन्यांच्या नजरेतून पाहिले तर आपल्याच घरात परक्याची चूल मांडली गेली.

दहा महिन्यांचा राजा आणि त्याचा वजीर

जमालखानाला संधी मिळाली ती राजघराण्याच्या सडक्या कारभारातून. मूर्तझा निजामशहा १५६५ मध्ये गादीवर आला. काही वर्षांनी त्याने लोकांत येणेच सोडले. त्याला ‘दिवाणा’ हे नाव पडले ते यामुळे. राज्य सांभाळत होता सलाबतखान हा वजीर. अहिल्यानगरजवळच्या डोंगरावरची जी तीन मजली इमारत आज सगळे चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात, ती या सलाबतखानाची कबर आहे. पुढे मूर्तझाने त्यालाही कैदेत टाकले आणि राज्याचा उरलासुरला खांब पडला.

१५८८ मध्ये मूर्तझाचा मुलगा मीरान हुसेन याने बापाला न्हाणीघरात कोंडून खाली जाळ करवला आणि त्या धगीने त्याचा जीव घेतला. असा हा राजा. सोळा-सतरा वर्षांचे वय, दारूचा नाद आणि सोबतीला तसलेच मित्र. वजिरी मिळाली मिर्झाखान या परदेशी गटाच्या सरदाराला. दोघांचे पटेना. राजा आपल्याला मारणार याची कुणकुण लागताच मिर्झाखानाने डाव आधी टाकला. राजाला युक्तीने किल्ल्यात आणून कोंडले आणि लोहगडावर कैदेत असलेल्या राजघराण्यातल्या दोन मुलांना आणायला माणसे धाडली. ही मुले मूर्तझाचा भाऊ बुऱ्हाण याची. बुऱ्हाण स्वतः बंड फसल्यावर पळून अकबराच्या आश्रयाला गेला होता. दोघांतला धाकटा इस्माईल, वय बारा. मिर्झाखानाने त्यालाच गादीवर बसवायचे ठरवले. लहान राजा म्हणजे मोठा वजीर, हे गणित त्या काळात प्रत्येक दरबाराला पाठ होते.

किल्ल्याच्या दारात नेमके काय घडले?

किल्ल्यात इस्माईलच्या राज्यारोहणाची तयारी चालू असताना जमालखान काही सरदार आणि शिपाई घेऊन दारात आला. त्याची मागणी अगदी साधी होती. कित्येक दिवस राजाचे दर्शन नाही, तो आम्हाला दाखवा.

या मागणीत नाकारण्यासारखे काही नव्हते. ती परदेश्यांविरुद्ध नव्हती, कुणा पंथाविरुद्ध नव्हती, तिच्यात बंडाचा शब्दही नव्हता. त्यामुळे ज्याला दरबारी भांडणाशी कर्तव्य नाही असा माणूसही तिथे थांबू शकत होता. बाजारातले लोक जमू लागले, गर्दी वाढत गेली. राजा कसा होता हे शहराला ठाऊक होते; बापाला धगीत कोंडून मारल्याला अजून वर्षही झाले नव्हते. पण दाराबाहेर प्रश्न मीरान हुसेनच्या गुणांचा राहिला नव्हता. आपला राजा कोंडला आहे आणि कोंडणारे परके आहेत, एवढेच उरले होते.

मिर्झाखानाने मग ती चूक केली जिची जमालखानालाही अपेक्षा नसावी. ज्याच्यासाठी गर्दी जमली तोच उरला नाही तर गर्दी पांगेल, असा हिशेब करून त्याने मीरान हुसेनचे मुंडके उडवले आणि काठीवर खोचून बुरुजावरून दाखवले. इथेच तुमचा राजा, आता नवा आला आहे, निमूट घरी जा, असा त्याचा अर्थ.

आणि हिशेब सुरुवातीला बरोबर ठरत होता. मुंडके पाहून लोक हबकले, काही मागे फिरू लागले. ज्याला सोडवायला आलो तो मेला, आता काय करायचे, हा प्रश्न स्वाभाविक होता. दुसरा कोणी सरदार असता तर इथे विषय संपला असता. जमालखानाने त्या क्षणी मागणीच बदलली. राजा गेला तर सूड उरतो आणि सूड घेतला नाही तर त्या पोराच्या नावाने परदेशी राज्य करतील, असे त्याने पटवले. राजाच्या सुटकेची गोष्ट घटकाभरात राज्य कोणाचे या गोष्टीत बदलली. पहिल्या गोष्टीत जमावाचा फायदा काहीच नव्हता. दुसरीत दख्खनी शिपायाला पद दिसत होते, हबशी सरदाराला जहागीर आणि बाजारातल्या बेकाराला परदेश्यांच्या भरलेल्या हवेल्या.

लाकडे आणून दारापुढे रचली गेली आणि पेटवली गेली. दार जळून पडताच जमाव आत घुसला.

दोष एकाचा, शिक्षा हजारांना

मिर्झाखान अंधारात निसटला. राजाचा खून ज्याने केला तोच पळाला होता आणि ज्यांना त्या कटाची वार्ताही नव्हती असे लोक जमावाच्या हाती सापडले. किल्ल्यात अडकलेल्या परदेशी सरदारांत आणि कारकुनांत विद्वान होते, कवी होते, दप्तर सांभाळणारे होते. त्यांना शोधून मारण्यात आले. मग हे लोण शहरात गेले. घरे लुटली, जाळली गेली. सात दिवस हे चालू होते.

मिर्झाखान जुन्नरजवळ पकडला गेला. त्याला परत आणून गाढवावरून शहरभर फिरवले आणि मग तुकडे केले. हा प्रकार उघडपणे दाखवण्यासाठी होता. ज्यांनी दार जाळले त्यांना आपले काम तडीस गेल्याचे डोळ्यांनी दिसणे जमालखानाला हवे होते. पण खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणून इतरांची सुटका झाली नाही. सूडाचे कारण संपले तरी सूड थांबत नव्हता, कारण एव्हाना त्यात लुटीचा फायदा मिसळला होता.

वाचले ते बहुतेक शेजाऱ्यांमुळे. काही दख्खनी आणि हबशी सरदारांनीच ओळखीच्या परदेश्यांना आसरा दिला. ज्या गटाच्या नावाने कत्तल चालली होती त्याच गटातली ही माणसे. दख्खनी विरुद्ध परदेशी ही रेघ वाटते तितकी सरळ नव्हती, हे त्यांच्यामुळे कळते. उरलेल्या तीनशेच्या आसपास परदेश्यांना नंतर राज्याबाहेर घालवण्यात आले. ते विजापूरला गेले.

त्याच सुमारास इकडून हजारो मैलांवर पॅरिसमध्येही काहीसे असेच चालले होते, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. मे १५८८ मध्ये तिथल्या लोकांनी रस्ते अडवून राजा तिसऱ्या हेन्रीला शहर सोडायला लावले. डिसेंबरमध्ये राजाने लोकप्रिय सरदार गीज याचा खून करवला, तेव्हा चर्चमधल्या उपदेशकांनी सूडाची हाक दिली आणि ऑगस्ट १५८९ मध्ये एका भिक्षूने राजालाच भोसकले. दोन्ही शहरांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. खून, धर्म आणि परक्यांची भीती एकत्र आली की जमाव जमवणे सोपे जाते, एवढेच साम्य.

मग गादीवर कोण बसले?

जमालखानाच्या चरित्रातला सर्वांत बोलका प्रसंग हा आहे. किल्ला ताब्यात आल्यावर त्याने गादीवर बसवले ते इस्माईललाच! मिर्झाखानाने लोहगडावरून आणवलेल्या, ज्याच्या नावाने परदेशी राज्य करतील अशी भीती जमावाला घातली होती, त्याच मुलाला. मुलगा तोच, तख्त तेच, गणितही तेच. फक्त मागे उभा राहणारा बदलला.

यावर शहरात ओरड झाली नाही. एक तर राजघराण्यातला दुसरा सोयीचा वारस जवळ नव्हता. शिवाय ज्यांनी दार जाळले त्यांना आता पदांचे आणि जहागिरींचे वाटप हवे होते. मारले गेलेल्या आणि हाकललेल्या लोकांच्या जागा मोकळ्या होत्या.

पण जागा वाटून झाल्या की पुढे काय? परदेशी उरलेच नाहीत तर परदेश्यांची भीती किती दिवस पुरणार? जमालखानाला आता नवे काहीतरी लागणार होते.

महदवी पंथ आणि हिजरी सन १०००

ते नवे त्याच्या श्रद्धेतच होते. जमालखान महदवी पंथाचा होता. या पंथाचे प्रवर्तक सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३ ते १५०५) यांनी आपण महदी, म्हणजे अखेरच्या काळात येणारा मार्गदर्शक, असल्याचे जाहीर केले होते. गुजरात आणि दख्खनमधून फिरत ते शेवटी अफगाणिस्तानातल्या फराह इथे वारले. त्यांचे अनुयायी ‘दायरा’ नावाच्या वस्त्यांत साधेपणाने राहत, मिळकत आपसांत समान वाटून घेत. दरबारी थाटाला कंटाळलेल्या साध्या शिपायाला हा पंथ जवळचा वाटे. उलेमांना तो खुपत असे आणि अनेक राज्यांत त्याच्या अनुयायांचा छळ होत असे. महदवी समाज आजही हैदराबादसह दक्षिणेत आहे. किल्ल्याच्या दारातल्या हिंसेचे मूळ या पंथाच्या शिकवणीत शोधणे चुकीचे ठरेल. तिथे जमलेल्यांतले बहुसंख्य महदवी नव्हतेच.

जमालखानाने केले ते असे. त्याने बालराजाला महदवी पंथ स्वीकारायला लावला, शुक्रवारच्या खुतब्यातून बारा इमामांची नावे काढली आणि राज्याचा पंथ बदलला. एका फटक्यात शिया दरबाराची पन्नास वर्षांची घडी मोडली. बातमी पसरताच छळाला कंटाळलेले महदवी हिंदुस्थानभरातून अहमदनगरकडे येऊ लागले. त्यांना हक्काचे राज्य मिळाले. जमालखानाला जिवाला जीव देणारी फौज मिळाली, जी इथल्या सरदारांच्या रुसव्या-फुगव्यांवर अवलंबून नव्हती.

यात काळाचाही हात होता. हिजरी सनाचे हजारावे वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू होणार होते. हजार वर्षे भरताना काहीतरी मोठे घडणार, जुने जाणार, नवा धर्मराजा येणार, या विचाराने सगळे मुस्लिम जग भारले होते. अकबराने या सहस्रकासाठी ‘तारीख-ए-अल्फी’ हा मोठा इतिहास लिहायला घेतला होता. अशा वातावरणात महदीचे राज्य आले हे सांगणाऱ्याचा आवाज दूर जातो. जमालखानाची श्रद्धा मनापासूनची होती की सोयीची, हा प्रश्न विचारला जातो. त्याने शेवटपर्यंत ती सोडली नाही, महागात पडत असतानाही नाही. तेव्हा ती खरी मानायला हरकत नाही. श्रद्धा खरी असणे आणि तिचा सत्तेसाठी वापर होणे या एकमेकांना छेदणाऱ्या गोष्टी नाहीत.

या निर्णयाची किंमतही होती. राज्य दख्खन्यांचे, या घोषणेखाली सगळे दख्खनी आणि हबशी मावत होते. राज्य महदवींचे, यात ते मावत नव्हते. ज्यांनी दार जाळायला लाकडे वाहिली त्यांच्यातल्याच अनेकांना आता दुसऱ्या प्रांतातून आलेली माणसे आपल्यापुढे जाताना दिसू लागली. परक्यांविरुद्धच्या रागावर उभ्या राहिलेल्या नेत्याने स्वतःच बाहेरून माणसे आणली होती.

पैठण, आष्टी, धाराशिव : लढाया जिंकल्या, माणसे गमावली

पहिला धक्का वऱ्हाडातून बसला. तिथल्या सरदारांनी म्हाताऱ्या सलाबतखानाला कैदेतून सोडवले आणि त्याला पुढे करून अहमदनगरवर चाल केली. दक्षिणेकडून विजापूरचे सैन्य येत होते. जमालखान दोन्हीकडून घेरला गेला. त्याने घाबरून जाण्याऐवजी आधी पैठणजवळ सलाबतखानाला हरवले, मग वळून आष्टीजवळ विजापूरच्या फौजेसमोर उभा राहिला आणि तिथे लढण्याऐवजी मोठी खंडणी देऊन तह केला. नुसता बोलघेवडा पुढारी असे त्याला म्हणता येत नाही ते यामुळे. कुठे लढायचे आणि कुठे पैसे मोजायचे हे त्याला कळत होते. सलाबतखानाशीही तो उदारपणे वागला. त्या म्हाताऱ्याला परत येऊन राहू दिले. थोड्याच काळात तो वारला आणि स्वतःसाठी बांधलेल्या डोंगरावरच्या त्या कबरीत विसावला.

खरे संकट उत्तरेकडून येत होते. राजा इस्माईलचा बाप बुऱ्हाण अजून जिवंत होता आणि अकबराच्या पदरी होता. मुलगा गादीवर बसल्याची बातमी आल्यावर अकबराने त्याला दख्खनकडे रवाना केले आणि सोबत फौजही देऊ केली. बुऱ्हाणने फौज नाकारली. मोगलांचे सैन्य घेऊन गेलो तर दख्खनी बिथरतील, असे त्याचे म्हणणे होते. ज्या भावनेवर जमालखान निवडून आल्यासारखा सत्तेवर आला, ती भावना बुऱ्हाणलाही नीट कळत होती. त्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडात फसला. मग खानदेशचा राजा अलीखान आणि विजापूरचा इब्राहिम आदिलशहा त्याच्या मागे उभे राहिले.

आता जमालखानाची अडचण वेगळीच होती. शत्रू परदेशी नव्हता. तो निजामशहाचा सख्खा वंशज होता, नगरच्याच मातीतला होता, गादीवर बसलेल्या पोराचा बाप होता. बापाला मुलाचे राज्य घेऊ देऊ नका, अशी हाक देऊन किती माणसे जमणार?

१५९१ मध्ये जमालखानाने आधी दक्षिणेकडे धाव घेतली. धाराशिवजवळ त्याने विजापूरच्या फौजेचा पराभव केला आणि मोठ्या संख्येने हत्ती मिळवले. हा त्याचा सर्वांत मोठा विजय. त्याच पावली तो राजाला बरोबर घेऊन उत्तरेला वळला.

रोहिणखेडला काय झाले?

रोहिणखेड आज बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात आहे. खानदेशातून वऱ्हाडच्या घाटावर चढणारी वाट इथून जाते. उन्हाळ्याचे दिवस होते. वाटेतच जमालखानाच्या सैन्याला गळती लागली होती. एकेक सरदार आपली माणसे घेऊन बुऱ्हाणच्या छावणीकडे निघून जात होता. यांतले काही दोन वर्षांपूर्वी त्याच्यामुळेच मोठे झालेले असणार. पाण्याच्या जागा शत्रूने धरलेल्या. थांबावे तर उद्या आणखी माणसे जाणार, म्हणून दमलेल्या, तहानलेल्या फौजेनिशी त्याने लढाई अंगावर घेतली. त्याचे महदवी मात्र हटले नाहीत. लढाई रंगात असताना एक गोळी लागून जमालखान ठार झाला आणि सैन्य फुटले.

इस्माईल बापाच्या हाती सापडला. बुऱ्हाण गादीवर बसला, मुलगा कैदेत गेला. नव्या राजाने खुतब्यात पुन्हा बारा इमामांची नावे घातली, परागंदा परदेश्यांना परत बोलावले. महदवींच्या नशिबी आता तेच आले जे परदेश्यांच्या आले होते. काही मारले गेले, बाकीचे राज्य सोडून गेले. हिजरी हजारावे वर्ष उजाडले तेव्हा महदीच्या राज्याला संपून काही महिने झाले होते.

ही सगळी हकीकत सांगितली कोणी?

जमालखानाबद्दल आज जे वाचायला मिळते ते प्रामुख्याने दोघांनी लिहून ठेवले आहे. एक फेरिश्ता, दुसरा सय्यद अली तबातबाई. फेरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर इराणी मुलखातून अहमदनगरला आला होता आणि दरबारात वाढला. १५८८ मध्ये मूर्तझाला पकडायला आलेल्या लोकांच्या हातून तो मेलाच असता. मीरान हुसेनने बालपणीचा सोबती म्हणून ओळखले आणि वाचवले. जमालखानाच्या काळात अहमदनगर सोडून तो १५८९ मध्ये विजापूरला पोहोचला आणि तिथे त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. तबातबाईने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिला तो बुऱ्हाणच्या आश्रयाने, म्हणजे जमालखानाला संपवणाऱ्याच्या पदरी राहून. दोघेही परदेशी, दोघेही शिया. दख्खनी शिपायाचे किंवा महदवी फकिराचे म्हणणे त्यांच्या पानांत आले तर विरोधकाच्या तोंडून आले.

अशा नेत्यांच्या बाबतीत हे नेहमीच घडते. अथेन्समध्ये इ.स.पूर्व पाचव्या शतकात क्लिऑन नावाचा चामड्याचा व्यापारी सभा गाजवून पुढारी झाला. जमावाला भडकवणाऱ्या नेत्यासाठी वापरला जाणारा ग्रीक शब्द आज त्याच्या नावाला कायमचा चिकटला आहे. पण त्याची प्रतिमा घडवली थ्युसिडिडीज या इतिहासकाराने आणि ॲरिस्टोफेनिस या नाटककाराने, आणि दोघांचाही त्याच्यावर राग होता. जमालखानाच्या बाबतीत शंकेला जागा ठेवली तरी काही गोष्टी उरतात. मुंडके पाहून पांगू लागलेली गर्दी पुन्हा जमवली गेली, एकाच्या गुन्ह्यासाठी सात दिवस शहरभर माणसे मारली गेली आणि शेवटी गादीवर तोच मुलगा बसला. या तिन्ही घटना कोणत्याही बाजूने सांगितल्या तरी त्याच राहतात.

किल्ल्याच्या दारातली युक्ती पुढेही चालली

बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला आणि दख्खनी, हबशी, परदेशी असे गट पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. चार दावेदारांच्या भांडणात मियाँ मंजू या दख्खनी गटाच्या पेशव्याने मोगलांना मदतीला बोलावले. मोगल आले ते परत जाण्यासाठी नव्हे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये किल्ला लढवून वाचवला, वऱ्हाड देऊन तह केला.

१६०० मध्ये अकबराचा मुलगा दानियाल याचा वेढा पडला. या वेळी बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. किल्ला देऊन बालराजाला सुखरूप जुन्नरला न्यावे, असे चांदबिबीचे मत झाले आणि तिने ते हमीदखान या सरदाराकडे बोलून दाखवले. हमीदखान रस्त्यावर धावत सुटला. चांदबिबी मोगलांना मिळाली, किल्ला त्यांच्या हवाली करते आहे, असे तो ओरडत गेला. मागे जमाव जमला. दख्खनी शिपायांना घेऊन तो तिच्या महालात शिरला आणि तिथेच तिला मारण्यात आले. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला आणि किल्ला घेतला. बालराजाला ग्वाल्हेरच्या तुरुंगात पाठवण्यात आले.